नऊ आठवड्यांच्या जुळ्या मुली आणि ऐन पावसाळा: दूध, जागरण, लंगोट

अबोली (चिपळूण)

नमस्कार. जुळ्या मुली आहेत, ३६ आठवडे पूर्ण झाल्यावर सिझरने जन्म. जन्माच्या वेळी थोरली २.२ किलो, धाकटी १.८. आज नऊ आठवडे झाले, वजनं ३.९ आणि ३.२. दोघींचा सहा आठवड्यांचा डोस झाला आहे, दहा आठवड्यांचा पुढच्या आठवड्यात. घरात दिवसा सासूबाई आहेत, रात्री आम्ही दोघंच. मालीशवाली बाई सकाळी तासभर येते.

अडचणी अशा:

१. थोरली नीट ओढते, धाकटी पाच मिनिटांत झोपते. तिला रात्री दोनदा पावडरचं दूध बोंडल्याने देतो. दोघींना एकत्र पाजायचा प्रयत्न केला तर एक सुटते आणि दुसरी रडते.

२. एक झोपली की दुसरी उठते. रात्री सलग दीड तासही झोप होत नाही.

३. कोणीला कधी पाजलं, औषध कोणीला दिलं, याचा गोंधळ होतो. परवा ड जीवनसत्त्वाचे थेंब एकीला दोनदा गेले असावेत असं वाटतंय.

४. पंधरा दिवस संततधार आहे. लंगोट वाळत नाहीत, दुपट्यांना वास येतो, धाकटीला जांघेत लाल झालं आहे.

५. लाइट जाते. काढून ठेवलेलं दूध फ्रिजमध्ये असतं, त्याचं काय करायचं?

ज्यांनी जुळी वाढवली आहेत किंवा या कामात आहेत त्यांनी कृपया नेमकं सांगा. "दिवस भराभर जातात" हे सगळे सांगतात, पण आज रात्री काय करायचं ते हवं आहे.

---

मोगरा

अबोलीताई, आधी वजनाचं बघू या, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचं वजन दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढलं की दूध पुरतंय असं धरतात. थोरली ६३ दिवसांत १.७ किलो वाढली, म्हणजे दिवसाला २७ ग्रॅम. धाकटी १.४ किलो, म्हणजे २२. दोघी मर्यादेत आहेत. धाकटी मागे पडली आहे असं वाटतं, कारण शेजारी थोरली असते. तिची तुलना तिच्या स्वतःच्या मागच्या आठवड्याच्या वजनाशी करा. काटा एकच वापरा, आणि दोघींना उघड्या अंगाने तोला.

धाकटी पाच मिनिटांत झोपते याचं कारण बहुधा पोट भरणं नसून दमणं आहे. ३६ आठवड्यांच्या बाळाची ओढण्याची ताकद पूर्ण दिवसांच्या बाळाएवढी नसते. ती जन्मतारखेने नऊ आठवड्यांची असली तरी चार आठवडे आधी आली, म्हणून ताकद आणि समज पाच आठवड्यांच्या बाळासारखी धरायची. अशा बाळाला थोरलीच्या ताकदीचा फायदा करून देता येतो. एका बाजूने बाळ जोरात ओढलं की पान्हा दोन्हीकडे एकदमच फुटतो. म्हणून एकत्र पाजताना थोरलीला आधी लावा, तिचे गिळण्याचे घोट ऐकू यायला लागले की लगेच धाकटीला दुसरीकडे लावा. तिला वाहतं दूध मिळतं, श्रम कमी होतात. तुमच्याकडे उलटं होत असणार: धाकटी आधी, ती स्थिर होईपर्यंत थोरली भुकेने रडते, आणि मग दोघी सुटतात.

बैठक अशी करा. पलंगावर किंवा दिवाणावर भिंतीला पाठ टेकून बसा, पाठीशी उशी. दोन्ही बगलांशी एकेक घट्ट लोड, त्यावर घडी घातलेली गोधडी, उंची इतकी की बाळाचं नाक स्तनाग्राच्या रेषेत येईल. मऊ फुगीर उशी नको, बाळ त्यात खचतं आणि तुम्हाला वाकावं लागतं. सिझरच्या टाक्यावर भार येऊ नये म्हणून दोघींचे पाय तुमच्या पाठीकडे, बगलेखालून मागे गेलेले, आणि डोकं तुमच्या तळहातात. हात मानेच्या खाली असावा. डोकं मागून दाबलं तर बाळ मागे ढकलतं आणि तोंड सुटतं. तोंड जांभई देताना उघडतं तसं मोठं उघडलं की बाळाला जवळ ओढा, स्तन बाळाकडे नेऊ नका. नीट लागलं असेल तर खालचा ओठ बाहेर वळलेला दिसतो, हनुवटी टेकलेली असते, आणि काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसतो. टोचल्यासारखं सतत दुखत असेल तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून ओढ सोडवा आणि पुन्हा लावा.

दुसरी व्यक्ती शेजारी असेल तेव्हाच सुरुवातीचे आठ-दहा दिवस हे करा. तुमचे दोन्ही हात गुंतल्यावर एकीला ठसका लागला तर दुसरीला उचलून घ्यायला कोणीतरी हवं. दिवसा सासूबाई असतात तेव्हा दोन वेळा एकत्र, बाकीच्या वेळा एकापाठोपाठ, एवढंही सुरुवातीला पुष्कळ आहे.

बाजू ठरवून देऊ नका. "उजवी थोरलीची, डावी धाकटीची" असं केलं तर धाकटीच्या बाजूचं दूध हळूहळू कमी होतं, कारण जेवढं ओढलं जातं तेवढंच तयार होतं. दर वेळी बदलायचं म्हटलं तर लक्षात राहत नाही. दिवसाने बदला: आज थोरली डावीकडे, उद्या उजवीकडे. वहीत तारखेपुढे एकच अक्षर लिहायचं.

धाकटी झोपायला लागली की स्तन हाताने हलका दाबून धरा, दूध तोंडात गेलं की ती गिळते. गिळणं थांबलं की हात सोडा, पुन्हा दाबा. पाय, कानाची पाळी चोळून उठवण्यापेक्षा हे जास्त चालतं. ती सुटली की पाच मिनिटं हाताने दूध काढा आणि तेच बोंडल्याने तिला द्या. शेवटचं दूध जास्त स्निग्ध असतं, वजन त्याने वाढतं.

पावडरच्या दुधाबद्दल. ते एकदम बंद करू नका, आणि देता म्हणून मनाला लावूनही घेऊ नका. धाकटीचा दिवसाचा अंदाज किलोमागे १५० मि.ली. धरला तर साधारण ४८० मि.ली., आठ वेळांत वाटलं तर एका वेळी ६०. थोरलीला त्याच हिशेबाने ७० ते ७५. हा अंदाज आहे, प्रत्येक वेळी तेवढंच संपवायचा हट्ट नको. कमी करताना डॉक्टरांना विचारून दर तीन-चार दिवसांनी एका वेळचे १० मि.ली. कमी करा, आठवड्याला वजन बघा, दिवसाला सहापेक्षा जास्त वेळा शू होतेय ना ते बघा.

बनवताना चूक होते ती इथे: आधी पावडर घालून मग खुणेपर्यंत पाणी भरलं की पाणी कमी पडतं आणि दूध घट्ट होतं, बाळाला पचत नाही. आधी पाणी मोजा. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, चांगलं गरम असताना (७० अंशांच्या खाली नको) पावडर मिसळा, मग कोमट करून द्या. चमचा डब्यातलाच, सुरीने सपाट केलेला. बहुतेक डब्यांवर ३० मि.ली. ला एक चमचा असतो, तरी आपला डबा वाचा, आणि एका डब्यातला चमचा दुसऱ्या डब्याला वापरू नका. बनवलेलं दूध दोन तासांत संपवायचं, बाळाने तोंड लावलेलं उरलं तर टाकून द्यायचं. बोंडल्याची चोच बारीक असते, तिथे साय अडकते. पातळ ब्रशने आतून घासा, मग दहा मिनिटं खळखळ उकळा. दोघींना दोन वेगळी बोंडली ठेवा. एकीला तोंड आलं असेल, म्हणजे जिभेवर पुसून न जाणारा पांढरा थर असेल, तर तो दुसरीला आणि तुमच्या स्तनाग्रांनाही लागतो. तेव्हा दोघींना आणि तुम्हालाही एकदमच औषध लागतं.

तुमच्या जेवणाबद्दल एक ओळ. पाजणाऱ्या आईला रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात असा आपल्याकडचा हिशेब आहे, आणि तो एका बाळाचा आहे. अळिवाचा लाडू चांगला, पण एका लाडवाने दोघींचं भागत नाही. दोन पूर्ण जेवणं, मध्ये दोन भरीव खाणी, त्यात अंडं, डाळ, मासे किंवा पनीर काहीतरी हवंच. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. एक दुपारी, एक रात्री.

---

दोन_पाळणे

रात्रीचं सांगतो. जुळ्यांच्या घरात घड्याळ एक ठेवायचं आणि वह्या दोन. वेळ दोघींची एकत्र बांधायची, पण माप, औषध, वजन यांत त्या दोन वेगळ्या मुली आहेत हे विसरायचं नाही. गोंधळ होतो तो नेमका उलटं केल्यामुळे: वेळा सुट्या आणि नोंद एकत्र.

एक उठली की तिला पाजा, आणि ती संपली की दुसरीला झोपेतूनच उचला. ती स्वतः उठायची वाट बघितली की दीड तासाने रडणार, आणि तुमचा दीड तास गेला. झोपलेलं बाळ दुपटं मोकळं केलं आणि लंगोट बदलला की बहुधा अर्धवट जागं होतं आणि ओढायला लागतं. तेवढं पुरे, पूर्ण जागं करायचं नाही. दोघींच्या मध्ये २० ते ३० मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही.

तुम्ही दोघं असाल तर काम वाटा, जागरण वाटू नका. दोघांनीही प्रत्येक वेळी उठणं ही सगळ्यात महागडी पद्धत आहे. असं करून बघा: साडेआठला दोघींना पाजून ताई लगेच झोपतील. साधारण बारापर्यंतचा पहारा वडिलांचा. मधल्या काळात कोणी उठलं तर काढलेलं दूध बोंडल्याने वडील देतील. बाराला ताई उठून दोघींना पाजतील, ढेकर आणि लंगोट वडील करतील, मग साडेबारा ते पाच वडील झोपतील. त्या पहाऱ्यात ताई, पाळणे हाताच्या अंतरावर. दोघांनाही सलग साडेतीन-चार तासांचा एक तुकडा मिळतो. तो तुकडा मिळाला नाही तर चिडचिड आणि चुका दोन्ही वाढतात, औषधाचा डोस दोनदा जाणं ही त्याच जातीची चूक आहे. पहाऱ्याची जागा शक्य असेल तर बाहेरच्या खोलीत, म्हणजे झोपणाऱ्याच्या कानावर प्रत्येक कुरकूर जात नाही.

रात्री एक लांब झोप घेऊ द्यायची का, हे डॉक्टरांना दोघींसाठी वेगवेगळं विचारा. थोरलीला परवानगी आधी मिळेल, धाकटीला कदाचित आणखी थोडे दिवस तीन-साडेतीन तासांनी उठवायला सांगतील. त्यात चुकीचं काही नाही.

आता नोंद. फोनवरची अ‍ॅपं आहेत, पण रात्री अंधारात ओल्या हाताने ती कोणी भरत नाही, आणि सासूबाईंना दिसत नाही. दोनशे पानी वही घ्या. डावं पान थोरलीचं, उजवं धाकटीचं. थोरलीसाठी निळं पेन, धाकटीसाठी लाल, दोन्ही दोऱ्याने वहीला बांधलेली. रकाने पाचच: वेळ, कुठली बाजू किंवा किती मि.ली., शू, शी, औषध. औषधाची खूण बाटलीचं झाकण लावायच्या आधी करायची. बाटली कपाटात गेल्यावर करायची म्हटलं की राहते.

थेंबांसाठी आणखी एक करा: दोघींच्या दोन वेगळ्या बाटल्या, त्यावर चिकटपट्टी लावून नाव. आणि वेळ अंघोळीला बांधा. अंघोळ झाली, अंग पुसलं, थेंब दिले, खूण केली. आठवत नसेल दिलं की नाही, तर द्यायचं नाही. ड जीवनसत्त्वाचा एक दिवस चुकल्याने काही बिघडत नाही.

मुली एकसारख्या दिसत असतील तर एकीच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला नखपॉलिश लावा, हाताच्या नखाला नको, ते तोंडात जातं. मनगटात काळे मणी घालून ओळख ठेवू नका. दोरा तुटला की मणी घशात जाऊ शकतो.

दोघी एकदम रडल्या तर आधी दोघींकडे एक नजर: रंग, श्वास, ओकारी. सगळं ठीक असेल तर जी लवकर शांत होते तिला आधी घ्या. जोरात रडणारीकडे आधी धावलं की तीही वीस मिनिटं रडते आणि दुसरीही. आणि हे माहीत असू द्या की संध्याकाळचं रडणं साधारण सहाव्या आठवड्याला शिगेला पोचतं, आधी आलेल्या बाळांमध्ये ते आठवडे मूळ तारखेपासून मोजायचे. तुमच्या मुली त्या हिशेबाने पाच आठवड्यांच्या आहेत, म्हणजे पुढचे दोन-तीन आठवडे रडणं वाढलं तर दूध कमी पडतंय असा अर्थ लगेच काढू नका. असह्य झालं तर दोघींना पाठीवर पाळण्यात ठेवून पाच मिनिटं दाराबाहेर उभं राहा. बाळाला कधीही हलवायचं, झिंजाडायचं नाही, त्याने मेंदूला इजा होते.

---

आजोळ

लंगोटाचा हिशेब आधी मांडते. या वयात एका बाळाचे दिवसाला आठ ते दहा, दोघींचे वीस धरा. उन्हाळ्यात तीस-चाळीस लंगोटांवर भागतं, कारण सकाळचा संध्याकाळी घडी होतो. कोकणातल्या आषाढात कपडा वाळायला दोन दिवस लागतात, म्हणून साठ तरी हवेत आणि दुपटी चोवीसच्या आसपास. नवीन विकत आणायची गरज नाही, जुनी सुती धोतरं, मऊ साड्या चालतात. एकेरी पातळ लंगोट जाड चौपदरी लंगोटापेक्षा लवकर वाळतो. रात्री दोघींना तयार डायपर घाला, तिथे काटकसर करू नका. डायपर वयाने घेऊ नका, वजनाने घ्या: दोघींच्या वजनात पाऊण किलोचा फरक आहे, उद्या एकीला पुढचा आकार लागेल आणि दुसरीला नाही.

धुण्यात दोन चुका होतात. पहिली, शीचे लंगोट रात्रभर बादलीत भिजत ठेवणं. वास त्यातूनच बसतो. शी लगेच वाहत्या पाण्याखाली काढायची, भिजवायचं ते तास-दोन तास, तेही झाकणाच्या बादलीत. दुसरी चूक, वास येतो म्हणून साबण जास्त घालणं, वर जंतुनाशकाचे थेंब आणि कपडे मऊ करायचं द्रव. साबण कपड्यात राहिला की कातडी लाल होते, आणि मऊ करणारं द्रव कपड्याची पाणी शोषायची ताकद घालवतं. साबण निम्मा करा, गरम पाणी घ्या, आणि दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा. शेवटच्या पाण्यात फेस दिसायला नको.

वाळवताना: यंत्रात असेल तर पिळणं दोनदा फिरवा. दोरी पंख्याखाली, दोन लंगोटांत चार बोटांची जागा. एकमेकांवर टाकलेले वाळत नाहीत, नुसते कोमट होतात. मग इस्त्री, दोन्ही बाजूंनी, विशेषतः शिवणीवर आणि नाडीपाशी. वाळला की नाही हे हाताला कळत नाही, गालाला लावून बघा. गार लागला तर ओला आहे. ओला घडी करून कपाटात गेला की दुसऱ्या दिवशी सगळ्या गठ्ठ्याला वास.

टोपलीखाली निखारे ठेवून दुपटी वाळवतात, तसं बाळंतिणीच्या बंद खोलीत मुळीच करू नका. निखाऱ्यातून जो विषारी वायू येतो त्याला वास नसतो, आणि पावसात खिडक्या बंद असतात. शेगडी लागलीच तर पडवीत, मुली आत.

धाकटीच्या जांघेचं नीट बघा, दोन प्रकार असतात. लाली फुगीर भागावर असेल आणि घडी कोरी असेल तर ती ओल आणि शू-शीने आलेली. दर दोन तासांनी बदला, पाण्याने धुवा, सुती कापडाने टिपा, घासू नका, दहा मिनिटं उघडं ठेवा, आणि झिंक ऑक्साइडचं मलम जाड थरात लावा. पुढच्या वेळी थर पूर्ण खरवडून काढायचा नाही, वरचं मळलेलं फक्त पुसायचं. पण लाली घडीच्या आत, भडक, कडेने सुटे लाल ठिपके असतील तर ती बुरशी, पावसाळ्यात फार होते. त्याला नुसतं झिंक पुरत नाही, डॉक्टरांनी लिहिलेलं बुरशीचं मलम लागतं. तुम्ही "जांघेत" म्हणालात म्हणून मला दुसऱ्याची शंका येते, दाखवून घ्या. टाल्कम पावडर नकोच, ओल्या घडीत तिच्या गुठळ्या होतात आणि ती श्वासातही जाते.

मुली आहेत म्हणून एक विसरू नका: पुसायचं नेहमी पुढून मागे. मागून पुढे पुसलं की शीचे जंतू लघवीच्या वाटेला जातात. आतल्या घडीतला पांढरा थर साबणाने खरवडायचा नाही, ओल्या कापसाने वरवर एकदा टिपलं की झालं.

अंघोळीचं थोडक्यात: पाजल्यावर पाऊण तास जाऊ द्या. पाणी कोपराला कोमट लागेल एवढंच. दोघींचे कपडे, टॉवेल, दुपटी आधीच मांडून ठेवा, आणि एकीला घेतलं असताना दुसरी जमिनीवर सतरंजीवर, पलंगावर नाही. धोधो पाऊस आणि गारठा असेल तर एक दिवसाआड अंघोळ आणि मधल्या दिवशी पुसून काढणं चालतं.

---

अबोली (चिपळूण)

मनापासून आभार, वही आजच घातली. थोरलीला आधी लावायचं हे खरंच उलटं करत होतो.

आणखी चार गोष्टी. सासूबाई प्रेमाने घुटी उगाळून द्यायची म्हणतात, धाकटीला गॅस होतो म्हणून. अंघोळीनंतर बाई वेखंड-ओव्याची धुरी देतात आणि नाकात तेलाचे दोन थेंब सोडतात. दोघींची छाती जन्मानंतर थोडी सुजली होती, बाई दाबून "दूध काढतात". आणि दहा आठवड्यांच्या डोसला ताप आला तर औषध दोघींना सारखंच द्यायचं का?

---

पांढरा_चाफा

शिशुविभागातलं काम म्हणून स्पष्ट लिहितो.

छाती दाबणं आजच थांबवा. आईच्या शरीरातून आलेल्या संप्रेरकांमुळे ती सूज येते, मुलग्यांनाही येते, आणि काही आठवड्यांत आपोआप उतरते. दाबलं तर गळू होतं, आणि मुलींमध्ये आतल्या ग्रंथीला कायमची इजा होऊ शकते. पहिल्या दिवसांत मुलींना पांढरा स्राव किंवा रक्ताचा डाग दिसतो, तोही याच संप्रेरकांचा. तेव्हा तो चालतो, आता नवव्या आठवड्यात रक्त दिसलं तर मात्र दाखवायचं.

नाकात आणि कानात तेल नको. नाकातलं तेल थेट फुप्फुसात उतरतं आणि त्याने होणारा न्यूमोनिया लवकर बरा होत नाही. बाकी मालीश चांगली आहे, खोबरेल वापरा, बाईंना नखं कापून यायला सांगा, आणि टाळूवर दाब नको. धुरीही नको, तिने श्वासनलिका चिडते, आधी आलेल्या बाळांची जास्तच. डासांची कॉइल त्याच कारणाने खोलीबाहेर. डासांसाठी दोन्ही पाळण्यांना मच्छरदाणी.

घुटी सहा महिन्यांपर्यंत नाही, आणि मध वर्षापर्यंत नाही, बोटावर चाटवण्याएवढाही नाही. मधातून येणारे जिवाणू बाळाच्या आतड्यात वाढून त्याचे स्नायू लुळे पाडू शकतात. घुटीचा दुसरा धोका सहाणेचा आणि पाण्याचा आहे, पावसाळ्यात तर नक्कीच. धाकटीचा गॅस बहुधा तोंड नीट न लागल्यामुळे हवा गिळून होतो, मोगरा यांनी सांगितलेली बैठक जमली की कमी होईल. पाजून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं खांद्यावर उभं धरायचं. हे काम सासूबाईंना द्या. जुळ्यांच्या घरात ढेकर काढायला एक अनुभवी खांदा फार मोलाचा असतो, आणि घुटीला नाही म्हणताना त्यांच्या हातात दुसरं काहीतरी द्यायला हवंच.

डोसबद्दल. लस जन्मतारखेप्रमाणे द्यायची, त्यात चार आठवडे वजा करायचे नाहीत. वजा करायचे ते फक्त वाढीचे टप्पे बघताना: हसणं, मान धरणं. सरकारी वेळापत्रकात दहा आठवड्यांना पेंटाव्हॅलंटची एक सुई, तोंडातून पोलिओ आणि तोंडातून रोटाव्हायरस असतं. दोन बाळं म्हणजे दोन कार्डं. थोरलीच्या कार्डावर धाकटीची नोंद होणं नेहमीचं आहे, टेबलापाशी एकेकीला कार्डासकट पुढे करा आणि निघण्याआधी दोन्ही कार्डं उघडून बघा. रोटाव्हायरसनंतर काही दिवस ती लस शीतून बाहेर पडते, लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय दुसरीला हात लावू नका.

तापाचं औषध दोघींना सारखं नाही, प्रत्येकीच्या त्या दिवसाच्या वजनावर. पॅरासिटामॉलचा डोस किलोमागे १० ते १५ मि.ग्रॅ. असतो. थेंबांच्या बाटलीत बहुधा १ मि.ली. मध्ये १०० मि.ग्रॅ. असतात. म्हणजे १५ च्या हिशेबाने ३.९ किलोला साधारण ०.५८ मि.ली. आणि ३.२ किलोला ०.४८. पातळ सिरपमध्ये मात्र ५ मि.ली. ला १२० किंवा २५० मि.ग्रॅ. असतात. सिरपचं माप धरून थेंबांचं औषध दिलं तर डोस चौपट होऊ शकतो, आणि यकृताला धोका होतो. म्हणून लस द्यायला जाल तेव्हाच दोघींची वजनं करून डॉक्टरांकडून मि.ली. मध्ये लिहून घ्या, बाटली बरोबर नेऊन दाखवा, आणि सुईविना सिरिंजने मोजा. चमच्याने नाही. ड जीवनसत्त्वाची बाटलीही अशीच वाचा: रोजचे ४०० युनिट हवेत, काही बाटल्यांत १ मि.ली. ला ४०० असतात, काहींत ८००. परवाच्या डबल डोसने घाबरू नका, एकदा झाल्याने त्रास होत नाही, रोज होत राहिला तर होतो.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सियस किंवा वर ताप असेल तर डॉक्टरांना लगेच कळवा. लस झाली म्हणून ताप आला असेल असं स्वतः ठरवू नका. याशिवाय ताबडतोब न्यायचं ते यासाठी: दोन वेळा दूध न ओढणं, मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास किंवा बरगड्यांखाली खळगा पडणं, अंग गार आणि मरगळ, हिरवी उलटी, टाळू खोल जाणं, शू अगदी कमी होणं. एक आजारी असेल तर दुसरीलाही बरोबर न्या आणि तपासून घ्या.

झोपवायचं दोघींना वेगवेगळ्या जागी, पाठीवर, सपाट. राईची उशी नको, सैल गोधडी नको. झोळीत हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते, म्हणून एवढ्या लहान बाळाची झोप झोळीत नको. पाळण्यात डोकं एक दिवस उशाकडे, एक दिवस पायथ्याकडे ठेवा. बाळ उजेडाकडे किंवा बहिणीच्या आवाजाकडेच मान वळवून झोपतं आणि डोकं एका बाजूने चपटं होतं.

आणि काही केल्या रडणं थांबत नसेल तर मोजे काढून पायाची बोटं एकेक करून बघा. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी आईचे केस भरपूर गळतात. एखादा केस किंवा मोज्यातला धागा बोटाभोवती गुंडाळून रुततो, बोट लाल-निळं होतं. केस सुटत नसेल तर लगेच दवाखाना.

---

पागोळी

कागदपत्रांचं कोणी लिहिलं नाही म्हणून. दोघींचे जन्मदाखले वेगळे असतात, जन्माची वेळ आणि क्रम आत्ताच तपासा, दुरुस्ती पुढे जड जाते. आधार पाच वर्षांखाली बोटांच्या ठशांशिवाय, नुसत्या फोटोवर निघतं, त्यामुळे दिसायला सारख्या असल्या तरी अडत नाही. सुकन्या समृद्धी खातं दोघींचं वेगवेगळं, वर्षाला किमान २५० रुपये, कमाल दीड लाख. रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल तर लेक लाडकी योजनेचं अंगणवाडी सेविकेकडे विचारा, ती १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलींसाठी आहे.

नोकरी असेल तर पगारी रजा २६ आठवडेच, जुळी म्हणून वाढत नाही. पण पहिलंच बाळंतपण जुळ्यांचं असेल तर "दोन मुलं झाली, रजा बारा आठवडे" असं कोणी सांगितलं तर ते चूक आहे. बाळंतपणाआधी किती मुलं हयात होती ते मोजतात. कामावर गेल्यावर मुली पंधरा महिन्यांच्या होईपर्यंत दिवसातून पाजण्यासाठी दोन सुट्या मिळतात, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय द्यावी लागते.

---

मोगरा

लाइटचं राहिलं होतं. बाहेर हवा २५ अंशांपर्यंत असेल तर काढलेलं दूध चार तास टिकतं. तुमच्याकडे पावसातही त्यापेक्षा गरम असतं, म्हणून काढल्या काढल्या फ्रिजमध्ये. तिथे चार दिवस, दारात नाही, मागच्या बाजूला. लाइट गेल्यावर फ्रिज उघडला नाही तर आतला गारवा चारेक तास राहतो. म्हणून लाइट जाण्याआधी रात्रीपुरतं दूध छोट्या झाकणाच्या भांड्यांत ६०-६० मि.ली. करून एका डब्यात ठेवा, म्हणजे एकदाच दार उघडून पुढच्या दोन वेळचं उचलता येतं. बर्फाच्या खणात पाण्याच्या दोन बाटल्या गोठवून ठेवा, लाइट जास्त वेळ गेली तर त्या आणि दूध एका थर्मासच्या डब्यात. भांड्यावर तारीख आणि वेळ लिहा, नाव नको. दूध दोघींचं एकच आहे, ज्या मुलीला आधी लागेल तिला जुनं आधी. गोठलेलं वितळलं की पुन्हा गोठवायचं नाही, २४ तासांत संपवायचं. गरम करताना भांडं कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. वर साय वेगळी दिसली तर दूध फाटलेलं नसतं. हलक्या हाताने गोल फिरवा, ती मिसळते.